आधी घरचा कारखाना, मग बाजारातले दुकान

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघाले की काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ या गावांचा पट्टा लागतो. एके काळी येथे भाताची शेते होती. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईला लागून असल्यामुळे येथे गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. आज ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांचा माल भिवंडी तालुक्यातील गोदामांतून गावोगावी जातो. घरबसल्या बटण दाबणाऱ्या गिऱ्हाइकाला वळ हे नाव ठाऊक नसेल, पण त्याचे पार्सल अशाच एखाद्या गावातून निघालेले असते.

आमचेही वळ येथे एक लहानसे गोदाम आहे. ग्रे कापडाच्या गाठी आणि शर्टिंगचे ताके त्यात असतात. संध्याकाळी पाळी सुटली की शेजारच्या मोठ्या गोदामांतून आमच्या ओळखीच्या घरांतील मुले बाहेर पडताना दिसतात. कोणी पार्सलावर चिठ्ठी चिकटवतो, कोणी यंत्राने ती वाचतो, कोणी थप्पी लावतो. मेहनतीची कमाई आहे, तिला आम्ही कमी लेखत नाही. पण एक गोष्ट मनाला टोचते. ज्या पडद्यावर ती ऑर्डर येते, तो पडदा बनवण्याच्या कामात आपला हात कोठेच नाही. कापड आपण विणतो, माल आपण उचलतो, आणि दुकान मात्र दुसऱ्याच्या हातात.

या लेखात आम्ही एका लहान गोष्टीविषयी लिहिणार आहोत. संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, बाजारात जाण्यापूर्वी स्वतःच्या संगणकावर बनवण्याची सोय कशी करावी, आणि व्यापाऱ्याने त्यात का लक्ष घालावे, हा विषय आहे.

पाटीही गेली, दुकानही गेले

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका माणसाला पैसे देऊन पेढीचे संकेतस्थळ बनवून घेतले. दोनशेच्या वर क्वालिटी, प्रत्येकीचा पन्हा, काउंट, रीड-पिक आणि फोटो, असे सर्व त्यात होते. दोन वर्षे ते चालले. सुरत आणि इरोडहून चौकशाही येत. मग नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा त्याने दुप्पट रक्कम मागितली. आम्ही घासाघीस केली, आणि एके दिवशी संकेतस्थळ बंद दिसले.

चौकशी केल्यावर कळले की नाव त्याच्या नावावर नोंदलेले, जागा त्याच्या खात्यावर भाड्याने घेतलेली, आणि पानांची एकही प्रत आमच्याकडे नाही. फोटो मुलांनी मोबाइलवर काढून त्याला पाठवले होते, ते मोबाइलही बदलून गेले होते. तो पत्ता छापलेली बिलबुके आणि कार्डे रद्दीत गेली.

त्या माणसाला दोष देणे सोपे आहे, पण अर्धा दोष आमचा होता. सुताचा एक बॉक्स घेतला तरी आम्ही चलन मागतो. दुकानाचा गाळा घेताना दहा वेळा कागद तपासतो. येथे मात्र आम्ही न चलन मागितले, न चावी, न नक्कल. का? कारण हे काम आपल्या समजण्यापलीकडचे आहे, असे आम्ही आधीच ठरवून टाकले होते.

त्यानंतर एका शुक्रवारी, लूम बंद असताना, आमच्या भाच्याने गोदामातल्या फळीवर पडून असलेला जुना संगणक पुसून सुरू केला. दोन-तीन आठवडे तो त्यावर बसत होता. एक दिवस म्हणाला, “मामू, दुकान उघडलं, बघायला या.” पडद्यावर आमच्या पेढीचे नाव, खाली सहा क्वालिटींचे फोटो. वर पत्त्याच्या जागी एकच शब्द होता, लोकलहोस्ट. आम्ही विचारले, “हे बाजारात कोणाला दिसतं?” तो म्हणाला, “कोणालाच नाही. फक्त आपल्याला.” आम्ही चिडून म्हणालो, “मग याचा उपयोग काय?” त्याने शांतपणे विचारले, “मामू, नवी क्वालिटी तुम्ही थेट गाठी बांधून पाठवता का? आधी एका लूमवर दोन मीटर काढून बघताच ना?”

उत्तर आमच्याच धंद्यातले होते, त्यामुळे आम्हाला गप्प बसावे लागले.

‘लोकल’ म्हणजे नेमके काय?

संकेतस्थळ पाहताना आपला मोबाइल किंवा संगणक दूरच्या एका संगणकाकडे पान मागतो आणि तो ते देतो. अशा पान देणाऱ्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हटले की मोठी इमारत, थंड खोल्या आणि शेकडो यंत्रे डोळ्यांपुढे येतात. पण सर्व्हर हा मुळात एक प्रोग्राम आहे. तो कोणत्याही साध्या संगणकावर चालतो. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेबची कल्पना १९८९ साली मांडली. जगातला पहिला वेब सर्व्हर म्हणजे त्यांच्याच वापरातला संगणक होता. कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. म्हणजे जगातले पहिले संकेतस्थळही एका माणसाच्या कामाच्या संगणकावरूनच निघाले.

आता मागणारा आणि देणारा हे दोघेही एकाच संगणकात बसवले तर? ब्राउझर पान मागतो आणि त्याच यंत्रातला सर्व्हर ते देतो. मागणी घराबाहेर जातच नाही. या घरच्या पत्त्याचे नाव लोकलहोस्ट, आणि त्याचा क्रमांक १२७.०.०.१. सामान एकदा उतरवून घेतले की यासाठी इंटरनेटही लागत नाही. चूक झाली तर ती चार भिंतींत राहते. गिऱ्हाइकाला अर्धवट पान दिसत नाही, भाड्याचे मीटर चालत नाही, आणि सर्व नक्कल आपल्या हातात असते. यालाच लोकल डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर घरचा कारखाना.

सामान आणि त्याचा खर्च

सामान चार प्रकारचे आहे. पहिला संगणक. पेढीवर हिशेबासाठी घेतलेला आणि आता बाजूला पडलेला चालतो. ४ जीबी मेमरीवर काम भागते, ८ जीबी असेल तर आराम वाटतो. दुसरा ब्राउझर, जो प्रत्येक संगणकात असतोच. तिसरा एडिटर, म्हणजे जेथे पान लिहायचे ती वही. विंडोजचे नोटपॅडही चालते, पण मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड फुकट आहे आणि कंस सुटला, अवतरण राहिले तर खूण करून दाखवतो. शिकाऊ माणसाला ती मदत मोठी आहे.

चौथा सर्व्हरचा संच. नवशिक्यासाठी झॅम्प हा संच आम्हाला सोयीचा वाटतो. अपाचे फ्रेंड्स या गटाने तो २००२ साली काढला. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर तो मिळतो. त्यात अपाचे हा सर्व्हर, मारियाडीबी हा माहितीचा कोठार आणि पीएचपी व पर्ल या दोन भाषा एकत्र बांधून येतात.

व्यापाऱ्याच्या भाषेत यांची कामे अशी. एचटीएमएल हे ग्रे कापड, म्हणजे पानाचा मूळ मजकूर आणि रचना. सीएसएस ही प्रोसेस, म्हणजे रंग, आकार, मांडणी. पीएचपी हा मुनीम, गिऱ्हाइकाने जे विचारले त्याप्रमाणे वहीतून शोधून उत्तर तयार करणारा. मारियाडीबी ही खातेवही. आणि अपाचे हा दारावरचा माणूस, जो मागणी घेतो आणि माल हातात देतो.

या सर्वांची किंमत शून्य रुपये आहे. फुकटाचा माल म्हटला की आपल्याला शंका येते, आणि ती बरोबर आहे. म्हणून कारण सांगतो. अपाचे, पीएचपी आणि मायएसक्यूएल हे तिन्ही १९९५ सालच्या सुमारास लोकांसमोर आले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. या प्रोग्रामांचा मूळ मजकूर उघडा ठेवला गेला आणि जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. मारियाडीबी हे मायएसक्यूएलच्याच मूळ कर्त्याने २००९ साली काढलेले दुसरे रूप आहे. उघड्या मालात खोट लपत नाही, म्हणून तो टिकला. एक काळजी मात्र घ्यावी. हे सर्व त्या त्या निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावे. जाहिरातीत किंवा कोणाच्या पेनड्राइव्हवर आलेला संच घेऊ नये.

पहिले दोन शुक्रवार

पहिल्या दिवशी झॅम्प थेट सी ड्राइव्हवर बसवावा. प्रोग्राम फाइल्स या फोल्डरात बसवल्यास विंडोज लिहिण्याची परवानगी अडवते. बसवून झाल्यावर त्याचे कंट्रोल पॅनल उघडते. त्यात अपाचेपुढचे स्टार्ट बटण दाबावे. नाव हिरवे झाले की दारावरचा माणूस कामाला लागला. मग ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत लोकलहोस्ट लिहावे. झॅम्पचे स्वागताचे पान आले की कारखाना सुरू झाला.

आता झॅम्पच्या फोल्डरात एचटीडॉक्स नावाचा फोल्डर शोधावा. दारावरचा माणूस फक्त याच खोलीतला माल देतो. त्यात ‘कापड’ नावाचा नवा फोल्डर करावा, नाव इंग्रजी लहान अक्षरांत. त्यात एडिटरने इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल बनवावी. त्यात पेढीचे नाव, एक ओळ मजकूर आणि एका क्वालिटीचा फोटो, एवढेच. जतन करून ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या पुढे तिरकी रेघ देऊन त्या फोल्डरचे नाव लिहिले की आपले पान दिसते. एक शब्द बदलावा, जतन करावे, पान ताजे करावे, बदल पाहावा. बदल करून लगेच पाहण्याची ही सवय लागली की मूल आपोआप पुढे जाते.

पहिले काही शुक्रवार फक्त एचटीएमएल आणि सीएसएस करावे. मथळा, परिच्छेद, फोटो, तक्ता. क्वालिटींचा दरपत्रकासारखा तक्ता बनवणे हा उत्तम धडा आहे, कारण त्यातली चूक व्यापाऱ्याच्या मुलाला लगेच दिसते. पीएचपी आणि खातेवहीकडे त्यानंतर वळावे. पुढे वर्डप्रेसही याच संचावर घरीच चालवून पाहता येते. पण हाताने दोन पाने बनवल्याशिवाय तयार साच्याकडे जाऊ नये. धागा कसा जोडतात हे माहीत नसलेल्याला तुटलेला धागा सापडत नाही.

शिकाऊ माणूस कोठे अडतो?

मुले हुशारी कमी पडली म्हणून हे काम सोडत नाहीत. लहानशा अडचणीचे कारण सांगणारा कोणी नसतो, म्हणून सोडतात. आमच्या गोदामात पाहिलेल्या अडचणी येथे देतो.

१. फाइलला एचटीएमएल नाव दिले तरी पान साधा मजकूर दाखवते. विंडोज नावाची शेपटी लपवते, आणि नोटपॅडने मागे गुपचूप टीएक्सटी जोडलेले असते. फोल्डरच्या व्ह्यू मेनूत शेपटी दाखवण्याची खूण करावी.

२. अपाचे हिरवा होत नाही. तो ८० क्रमांकाच्या दाराने काम करतो आणि ते दार दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने आधीच अडवलेले असते. तो प्रोग्राम बंद करावा, किंवा अपाचेच्या मांडणीच्या फाइलीत ८० च्या जागी ८०८० लिहून पुन्हा सुरू करावे. मग पत्त्यात लोकलहोस्टपुढे विसर्गासारखी दोन टिंबे देऊन ८०८० लिहावे लागते.

३. पीएचपीची फाइल दुहेरी क्लिक करून उघडली तर काम होत नाही, नुसता मजकूर दिसतो. मुनीमाकडे दाराने जावे लागते. फाइल एचटीडॉक्समध्ये ठेवून लोकलहोस्टच्या पत्त्यानेच उघडावी.

४. बदल केला पण पडद्यावर जुनेच दिसते. एक तर फाइल जतन झालेली नाही, नाही तर ब्राउझरने जुनी नक्कल धरून ठेवली आहे. कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबावे.

५. घरी फोटो दिसतात, बाजारात गेल्यावर गायब होतात. विंडोज नावातले मोठे आणि लहान इंग्रजी अक्षर सारखेच मानते. भाड्याने मिळणारे सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतात, आणि लिनक्स दोन्ही वेगळी मानते. म्हणून पहिल्या दिवसापासून सर्व नावे लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावीत. आमच्या भाच्याने यावर दोन दिवस घालवले.

६. संगणकावर पान सुंदर, मोबाइलवर मोडलेले. गिऱ्हाईक मोबाइलच पाहते. एकाच वायफायवर संगणक आणि मोबाइल असतील तर संगणकाचा घरचा क्रमांक मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकून पान पाहता येते. त्यासाठी विंडोजच्या फायरवॉलला परवानगी द्यावी लागते, आणि ती आपल्या खासगी वायफायपुरतीच द्यावी.

याशिवाय दोन सवयी लावाव्यात. एक, रोजच्या बदलांची नोंद. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट नावाचे साधन बनवले. ते प्रत्येक बदलाची रोजमेळासारखी नोंद ठेवते. आज बिघडले तर कालच्या पानावर परत जाता येते. दुसरी, आठवड्याची नक्कल पेनड्राइव्हवर घेऊन ती घरी ठेवणे. गोदामाला आग लागली तर संगणक आणि नक्कल दोन्ही जाऊ नयेत. भिवंडीच्या व्यापाऱ्याला हे अधिक सांगायला नको.

भाषेचा प्रश्न

आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी आम्ही बाजारात, कचेरीत आणि शेजाऱ्यांकडून शिकलो. म्हणून आम्हाला ही बाब जवळची आहे. आपली अनेक मुले ‘इंग्रजी येत नाही’ म्हणून संगणकाच्या कामापासून आधीच मागे सरतात. खरे असे आहे की पान बनवण्याच्या भाषांतले इंग्रजी शब्द सुरुवातीला पन्नास-साठच लागतात. रीड, पिक, काउंट, बीम, वार्पिंग हेही इंग्रजीच शब्द आहेत. ते शिकायला आपला कोणता कारागीर इंग्रजी शाळेत गेला होता?

पानातला मजकूर मात्र आपल्या भाषेत असू शकतो. पूर्वी अडचण होती. १९९४ साली आलेल्या इनपेजवर उर्दू मजकूर छान जुळत असे, पण तो जसाच्या तसा संकेतस्थळावर जात नसे, म्हणून उर्दू मजकूर चित्र करून लावावा लागे. मराठीत श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांतला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य खुणा होऊन दिसे. युनिकोडमुळे हे संपले. पानाच्या डोक्यावर यूटीएफ-८ अशी एक ओळ लिहिली की मराठी आणि उर्दू दोन्ही नीट दिसतात. उर्दू भागाला उजवीकडून डावीकडे चालण्याची सूचना एका शब्दाने देता येते. खातेवहीत माहिती ठेवताना यूटीएफ-८-एमबी-४ हा प्रकार निवडावा, नाही तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत एकाच क्वालिटीचे पान, हे मालेगावच्या आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाला एकाच वेळी उपयोगी पडते.

शिकण्याची सोयही आहे. मुंबईच्या आयआयटीने चालवलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अशा विषयांचे लहान लहान धडे फुकट मिळतात, आणि त्यांतले अनेक मराठीसह भारतीय भाषांत आहेत. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने आपल्या हजारो मुलामुलींना संगणक वापरायला शिकवला. ती पायरी झाली. वापरण्याकडून बनवण्याकडे जाणे ही पुढची पायरी आहे.

काही आक्षेप

बाजारात हा विषय काढला की पहिला आक्षेप येतो, “व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, ऑर्डर येते, आणखी काय पाहिजे?” व्हॉट्सॲप उपयोगी आहे, आम्हीही वापरतो. पण ते ओळखीच्या गिऱ्हाइकापुरते आहे. अनोळखी गिऱ्हाईक आपल्याला शोधत असेल तर त्याला सापडण्यासाठी स्वतःचा पत्ता हवा.

दुसरा आक्षेप नवा आहे. “आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगाल ते पान लिहून देते, शिकायचे कशाला?” लिहून देते हे खरे. मग तर घरचा कारखाना अधिक गरजेचा झाला. यंत्राने दिलेला मजकूर आधी घरी चालवून, दाबून, उलटून पाहिल्याशिवाय तो गिऱ्हाइकापुढे ठेवणे म्हणजे ताका न तपासता गाठ बांधणे होय. आणि तपासायला नजर लागते. ती हाताने चार पाने केल्यावरच येते.

तिसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा असतो, की हे विणकराचे काम नाही. त्यांनी एक इतिहास लक्षात घ्यावा. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग बनवला. कोणता ताणा उचलायचा हे त्या भोकांवरून ठरे. तीच पुठ्ठ्यांची कल्पना पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली. सूचना लिहून यंत्राकडून काम करून घेण्याच्या विद्येत विणकर हा परका माणूस नाही.

चौथा प्रश्न आयांचा असतो, “याने नोकरी मिळेल का?” येथे आम्ही खोटे आश्वासन देणार नाही. दोन महिन्यांत पान बनवायला शिकून नोकरी मिळत नाही. या धंद्यात चढाओढ मोठी आहे. पण घरच्या पेढीचे काम होईल, शेजारच्या चार पेढ्यांचे काम मिळू शकेल, आणि पुढे शिकायचे असेल तर पाया पक्का असेल. ज्या मुलींना लांब नोकरीला पाठवायला घर तयार नसते, त्यांनाही हे काम घरातल्या संगणकावर करता येते. एवढे निश्चित सांगता येते.

बाजारात उतरताना

घरच्या कारखान्याची एक मर्यादा नीट समजून घ्यावी. तो शिकण्यासाठी आणि तपासण्यासाठी आहे. झॅम्पमध्ये खातेवहीच्या मुख्य मालकाला सुरुवातीला पासवर्डच नसतो. घरात ते चालते. तोच संगणक इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे गल्ला उघडा टाकून नमाजला जाणे होय. गिऱ्हाइकांसाठीचे संकेतस्थळ भाड्याच्या सर्व्हरवरच ठेवावे, तेथे वेगळा आणि मजबूत पासवर्ड द्यावा, आणि कुलपाची खूण दाखवणारे प्रमाणपत्र लावावे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ते फुकट देते.

आणि स्वतः बनवा किंवा दुसऱ्याकडून बनवून घ्या, चार गोष्टी आधी कागदावर घ्या. संकेतस्थळाचे नाव पेढीच्या नावावर, पेढीच्या ईमेल आणि मोबाइलवर नोंदलेले असावे. ही नोंदणी विकत मिळत नाही, मुदतीची असते, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची. तेव्हा मुदत संपण्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. भाड्याच्या जागेचे खाते आपल्या नावावर असावे. सर्व पानांची, फोटोंची आणि खातेवहीची ताजी नक्कल दर महिन्याला आपल्या हातात यावी. आणि ती नक्कल खरी आहे की नाही हे घरच्या संगणकावर चालवून पाहावे. ही चौथी गोष्ट घरचा कारखाना असल्याशिवाय करता येत नाही. नक्कल मिळाली असे समजणे आणि ती चालते हे पाहणे यात किती अंतर आहे, हे आम्ही पैसे मोजून शिकलो.

आमच्या पेढीचे नवे संकेतस्थळ आता नव्या नावाने सुरू आहे. फार मोठे नाही. पण त्याचे प्रत्येक पान आधी वळच्या गोदामात त्या जुन्या संगणकावर उघडते, दोन माणसांच्या नजरेखालून जाते, आणि मगच बाहेर पडते. दर शुक्रवारी दुपारनंतर तेथे शेजारच्या गोदामांत काम करणारी दोन मुले आणि आमच्या मुनीमांची मुलगी येऊन बसतात. संगणक दोनच आहेत, म्हणून पाळी लावावी लागते.

व्यापारी बांधवांना आमची विनंती एवढीच आहे. आपल्या पेढीवर एखादा जुना संगणक धूळ खात पडला असेल तर तो भंगारात देऊ नका. पुसून एका कोपऱ्यात मांडा, घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या शिकणाऱ्या मुलाला त्याची जबाबदारी द्या, आणि त्याने दाखवायला बोलावले की जाऊन पाहा. आणि “हे बाजारात कोणाला दिसतं?” असे विचारून आमच्यासारखे चिडू नका.